दोन फेऱ्यांची शिक्षा

खेळाच्या सरांना जगातल्या बऱ्याच गोष्टी कळत नसत आणि त्याचं त्यांना फारसं काही वाटतही नसे. विम्याचे कागद कळत नसत, मोबाइलमधली अर्धी बटणं कळत नसत, बायको बोलता बोलता एकदम गप्प का होते तेही कळत नसे. पण एक गोष्ट कळत नव्हती आणि ती मात्र त्यांना आतून खात होती, कारण त्यांचं पोट तिच्यावर चाललं होतं. चौदा-पंधरा वर्षांचं धडधाकट पोर, दोन्ही पाय शाबूत, समोर मोकळं मैदान, शेजारी 'पळ' म्हणणारा माणूस. तरी ते पळत का नाही?

सर स्वतः पळतच मोठे झाले होते. त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे, तेही घरातच, दोन खोल्यांपैकी उजेडाच्या खोलीत. डोळ्याला भिंग लावून ते चिमट्यानं तिळाएवढे स्क्रू उचलायचे आणि पोर नुसतं कुशीवर वळलं तरी स्क्रू उडून जायचा. मग अख्खं घर जमिनीला नाक लावून तो शोधत बसायचं. त्यामुळं 'बाहेर जा' हे वाक्य सरांनी स्वतःच्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकलं. बाहेर जाऊन करणार काय? पळायचे. घरात श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा आणि दाराबाहेर पडलं की ऊर फुटेस्तोवर धावायचं. पळणं म्हणजे सुटका, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की दुसऱ्याच्या डोक्यात ते वेगळं असू शकेल हा विचार त्यांना कधी शिवलाच नाही.

वडिलांकडून आणखी एक वारसा आला होता, तो वेळेचा. चारी भिंती टिकटिकत असताना पोरानं उशिरा यायचं म्हणजे घराण्याला काळं फासण्यासारखं. सर आयुष्यात कुठं उशिरा पोचले नव्हते. स्वतःच्या लग्नाला ते इतके आधी जाऊन उभे राहिले की सासऱ्यांनी त्यांना कामाला आलेला पोरगा समजून खुर्च्या मांडायला लावल्या. त्यांनी मांडल्याही. शाळेतले शिपाई, ज्यांना लहानथोर सगळे मामा म्हणत, ते तर घड्याळाकडं बघायचेच नाहीत. सरांची सायकल फाटकातून आत आली की मामा घंटेकडं निघायचे.

मैदान तसं काही फार मोठं नव्हतं. एका कडेला पाण्याची टाकी, दुसऱ्या कडेला रंग उडालेला सिंगल बार, आणि कोपऱ्यात एक डेरेदार झाड, ज्यानं सरांचं सगळ्यात जास्त नुकसान केलं होतं. सर फक्कीनं धावपट्टीच्या रेषा मारायचे, त्या संध्याकाळपर्यंत जशाच्या तशा राहायच्या. कोणाचा पायच पडत नव्हता तर पुसणार कशा? सगळी नववी त्या झाडाखाली बसलेली असायची. कुणाचा पाय मुरगळलेला, कुणाचं पोट दुखतंय, कुणाला डॉक्टरांनी ऊन वर्ज्य केलेलं, तेही ढगाळ दिवशी. या सावलीचा म्होरक्या होता एक काटकुळा, चष्म्यातला पोरगा. त्याला सगळे वकील म्हणत. ज्याला कारण सुचत नसेल त्याला तो कारण पुरवायचा.

"सर, काल घाम आला होता," तो एकदा गंभीरपणे म्हणाला. "आज पुन्हा आला तर अंगातलं पाणी कमी होईल."

"पाणी पी मग."

"पाणी पिऊन पळू नये म्हणतात."

सरांनी काय काय करून पाहिलं नाही? आधी हृदयाचं मोठं चित्र आणून भाषण दिलं. पोरांनी मन लावून ऐकलं, कारण भाषण चालू असताना पळावं लागत नाही. मग स्वतःच्या खर्चानं बिल्ले करून आणले. बिल्ले मिळवायला कोणी धावलं नाही, आणि शेवटी सरांनी सगळे वाटून टाकले तर ते दप्तरावर दुसऱ्या दिवसापासून दिसू लागले. मग गाणी लावायला स्पीकर आणला. पोरं झाडाखाली बसून गाणी ऐकू लागली, आणि गाणं बरं नसलं तर बदलायला सांगू लागली. सर घरी येऊन बूट काढता काढता तसेच बसून राहत, एक बूट हातात आणि एक पायात.

अशात मोठ्या बाईंनी त्यांना बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. बाई माणूस म्हणून चांगल्या होत्या, पण त्यांच्या टेबलावर कायम इतकं काम पडलेलं असे की चांगुलपणाला जागा उरत नसे.

"सर, नववीचे खेळाचे तास गणिताला हवेत," त्या म्हणाल्या. "निकाल बघितलात ना? तुमच्या तासाला मुलं नुसती बसूनच असतात. बसायचंच आहे तर वर्गात बसू दे."

"बाई, ती पळतील."

"कधी? मी तुमच्या वाईटावर नाही. सत्राच्या शेवटच्या शुक्रवारी पहिला तास तुमचाच असतो. मी येऊन बघेन. वर्ग आपणहून पळताना दिसला तर तास तुमचे. तुम्ही मागं लागून, ओरडून पळवलंत तर ते मला नको. आपणहून."

हा 'आपणहून' शब्द सरांनी सायकलवरून घरी आणला आणि बायकोसमोर ठेवला. सरांची बायको औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून तिला एक सवय लागली होती. समोरचा काय म्हणतो ते सोडून द्यायचं आणि भलताच प्रश्न विचारायचा.

"अहो, पण तुमच्या शाळेत पळतं तरी कोण?" तिनं भांडी विसळता विसळता विचारलं.

"कोणीच नाही, तेच तर सांगतोय."

"अगदी कोणीच नाही?"

"उशिरा येणारे पळतात. त्यांना दोन फेऱ्यांची शिक्षा असते. दंगा करणारे पळतात. गणिताच्या बाई वही न आणणाऱ्यांना पळवतात. भाषेचे सर उठाबशा काढायला लावतात, पण ते पळणं नव्हे."

बायकोनं नळ बंद करून नुसतं त्यांच्याकडं पाहिलं. सर घास हातात धरून थांबले. शाळेत पळणारा प्रत्येक पोरगा काहीतरी चुकलेला असतो, हे त्यांना या क्षणी, वीसेक वर्षांच्या नोकरीनंतर, आमटीचा घास घेताना कळलं. आणि उशिरा येणाऱ्याला दोन फेऱ्या ही पद्धत शाळेत आणली कुणी? त्यांनीच. रुजू झाले त्याच वर्षी, मोठ्या उत्साहानं. आमटी खारट होती, पण त्या दिवशी त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत त्यांनी विषय काढला, की यापुढं कोणीही व्यायामाची शिक्षा देऊ नये. आधी कुणाला काही समजलंच नाही.

"मग आम्ही द्यायचं काय?" गणिताच्या बाईंनी विचारलं.

"जादा गणितं द्या."

"वा! म्हणजे गणित ही शिक्षा? मुलांना त्याची नावड लागेल त्याचं काय?"

"तर मग शुद्धलेखन—"

"माझ्या विषयाला हात लावायचा नाही," भाषेचे सर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

बराच वेळ असं चाललं. प्रत्येकाला शिक्षा हवी होती, पण ती दुसऱ्याच्या विषयाची. शेवटी मोठ्या बाई आल्या आणि वाद तोडायचा म्हणून म्हणाल्या, "सोमवारपासून व्यायामाची शिक्षा बंद. उशिरा येणाऱ्याला आत घ्या आणि गप्प बसा." सरांना जग जिंकल्यासारखं वाटलं. आता पळण्यावरचा डाग गेला होता. आता पोरं मोकळ्या मनानं पळणार होती.

पोरं मोकळ्या मनानं झाडाखाली बसली.

उलट आधी सकाळी निदान पाच-सहा उशिरा येणारे तरी मैदानावर दिसायचे, ते आता सरळ वर्गात जाऊ लागले. मैदान कधी नव्हतं इतकं ओस पडलं. एकच नवलाची गोष्ट घडली. नववीत शेवटच्या बाकावर एक मुलगी बसायची. अंगानं जाड, बोलायला कमी. वर्ग तिला एका नावानं हाक मारायचा, ते नाव इथं लिहायची गरज नाही. तिच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान बरोबर शाळेच्या फाटकासमोर होतं आणि दुकानाच्या मागच्या खोल्यांत त्यांचं घर. म्हणजे घरातून शाळेत यायला रस्ता ओलांडायचा, बस्स. आणि ही मुलगी रोज उशिरा यायची. रोज. सर तिला दोन फेऱ्या सांगायचे, ती मान खाली घालून मारायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उशिरा. आळशीपणाची कमाल म्हणून सरांनी तिचं उदाहरण घरी कितीतरी वेळा सांगितलं होतं. शिक्षा बंद झाली आणि ही मुलगी वेळेवर यायला लागली.

"बघितलंत?" मोठ्या बाई खूश होऊन म्हणाल्या. "धाक नसला की मूल सुधारतं. तुमचं बरोबर होतं, सर."

सर हो म्हणाले, पण त्यांना ते पटेना. धाक होता तेव्हा उशिरा आणि धाक गेला तेव्हा वेळेवर, हे गणित त्यांना सुटेना. त्यात ती पोरगी वेळेवर येऊन सुखात दिसती तर गोष्ट वेगळी. तिचा चेहरा काहीतरी हरवल्यासारखा. एकदा ती खेळाच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. सर आत चपट्या झालेल्या चेंडूंत हवा भरत होते.

"सर, शिक्षा कायमची बंद झाली का?"

"कायमची," सर मोठ्या मायेनं म्हणाले. "आता अजिबात घाबरायचं नाही."

ती थोडा वेळ पंपाकडं बघत राहिली आणि गेली. सरांना वाटलं, बिचारीला अजून विश्वास बसत नाहीये. कुणाला काय वाटतंय हे ओळखण्यात सरांचा हात धरणारा कोणी नव्हता, उलट्या अर्थानं.

पुढं चार-सहा दिवसांनी त्यांच्या सायकलच्या मागच्या चाकात हवा राहीना, म्हणून शाळा सुटल्यावर ते समोरच्या दुकानात गेले. मुलीच्या वडिलांनी ट्यूब बाहेर काढून पाण्याच्या घमेल्यात बुडवली आणि बुडबुडा कुठून येतो ते बघू लागले. हात काळे, बोलणं मोकळं.

"सर, एक विचारू का? रागावू नका. आमच्या पोरीला शाळेत काही झालंय का?"

"का हो? उलट आता वेळेवर येते की ती."

"तेच ना. आता सकाळी उठता उठत नाही. ढकलावं लागतं. आधी बघा, सगळ्यांच्या आधी उठायची, अंघोळ, वेणी, दप्तर भरून इथं बाहेर या खोक्यावर येऊन बसायची. मी म्हणायचो, अगं जा की. तर म्हणायची, बाबा, घंटा होऊ द्या. घंटा झाली की मग पळत सुटायची. मला वाटलं, तुमच्याकडं तसाच नियम असेल."

सर खोक्याकडं बघत राहिले. लाकडी खोकं, उलटं घातलेलं, वर जुन्या टायरचा तुकडा ठोकून केलेली बैठक. तिथून शाळेचं फाटक समोर दिसत होतं. घंटेची वाट बघत बसायचं, आणि घंटा झाल्यावर निघायचं. उशीर व्हावा म्हणून. त्यांच्या वडिलांच्या चारी भिंतींवरच्या घड्याळांनी एका वेळी उलटं फिरावं, तसं त्यांचं डोकं झालं. मुलीच्या वडिलांनी पंक्चर काढून चाक बसवलं तरी सर तिथंच उभे.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी तिला टाकीपाशी गाठलं. ओरडायचं नाही असं ठरवूनच ते आले होते, त्यामुळं आवाज भलताच बारीक लागला.

"तू मुद्दाम उशिरा यायचीस?"

तिची मान हलली.

"का गं?"

"पळायला, सर."

"पळायला? अगं, मग माझ्या तासाला पळ की. मी तर रोज घसा कोरडा करतोय, पळा पळा म्हणून."

"तुमच्या तासाला पळाले होते एकदा." तिनं टाकीच्या नळाकडं बघत सांगितलं. "वर्ष सुरू झालं तेव्हा. सगळे बसले होते आणि मी एकटीच उठले. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. म्हणालात, शाब्बास, बघा, हीसुद्धा पळते, मग तुम्हाला काय धाड भरली?"

"मग? चांगलंच म्हणालो की."

"हीसुद्धा म्हणालात, सर. सगळे हसले."

सरांना ते वाक्य आठवत नव्हतं. पण ते आपलंच आहे याबद्दल त्यांना शंकाही नव्हती. तोंडात बसलेलं वाक्य होतं ते. असं किती पोरांना म्हटलं असेल देव जाणे, आणि प्रत्येक वेळी पाठीवर थाप मारून.

"आणि शिक्षेला नाही हसत कोणी?"

"शिक्षेला कोण हसेल? उद्या त्यांच्यावर पण येते ना पाळी. शिक्षेत मी पळतेय का, कशी पळतेय, कोणी बघतच नाही." आता ती जरा मोकळी झाली. "आधी अर्ध्या फेरीत दम लागायचा. टाकीपाशी थांबायचे. मग नाही थांबावं लागलं. नंतर नंतर दोन्ही फेऱ्या सलग व्हायच्या आणि अजून एक मारावीशी वाटायची. पण दोनच मारायचे."

"का? मारायची की तिसरी."

"तिसरी मारली असती तर कळलं नसतं का सगळ्यांना, की मला आवडतं म्हणून?"

घंटा झाली आणि ती वर्गात गेली. सर टाकीला टेकून उभे राहिले. सगळ्या नववीत एक पोर आपणहून पळत होतं. रोज सकाळी, त्यांच्या डोळ्यांसमोर, त्यांची शिट्टी ऐकून. आणि त्याच पोराला ते आळशी म्हणत आले होते. आणि आता, त्याच पोराचं पळणं त्यांनी मोठ्या मनानं, सगळ्यांशी भांडून बंद पाडलं होतं. सरांना एकदम रडू आलं. त्यांनी नळ सोडून तोंड धुतलं आणि आजूबाजूला कोणी नाही ना ते बघितलं.

आता करायचं काय? शिक्षा पुन्हा सुरू करा म्हणावं, तर पळणं पुन्हा डागाळलं. नको म्हणावं, तर ही पोरगी मेली. तिला एकटीला गुपचूप पळू द्यावं, तर मैदान चारी बाजूंनी उघडं. घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, 'हीसुद्धा' सकट.

"मला काय विचारता?" ती म्हणाली. "तुम्ही कधी एकटे पळालात का, सगळे बघत बसलेले असताना?"

"मी रोज पळून दाखवतो त्यांना."

"तुम्ही सर आहात. तुम्हाला कोण हसणार? दाखवणं वेगळं. चुकून बघा एकदा."

सर खूप वेळ पंख्याकडं बघत राहिले. चुकायचं कसं, हे सरांना खरोखरच माहीत नव्हतं.

शेवटचा शुक्रवार उजाडला. सर नेहमीच्या वेळी घरातून निघाले, नेहमीच्या वेळी शाळेसमोर आले आणि फाटकातून आत न जाता समोरच्या दुकानात शिरले. मुलीचे वडील तोंड उघडं टाकून बघत राहिले. सर खोक्यावर बसले. मुलगी तोवर आत गेली होती. बापानं ढकलली होती. समोर एकेक पोर शाळेत जात होतं. मग फाटक रिकामं झालं. मामा घंटेपाशी येऊन उभे होते आणि रस्त्याकडं मान वळवून वळवून बघत होते. सर आलेले नाहीत म्हणजे अजून वेळ झालेली नाही, असा त्यांचा हिशोब. ते आत जाऊन घड्याळ बघून आले, पुन्हा रस्ता बघितला, आणि शेवटी मनाविरुद्ध, चोरी केल्यासारखी, त्यांनी घंटा दिली.

सरांना उठायचं होतं, पण पाय उठेनात. या खोक्यावर बसून ही पोरगी रोज हे करत होती, आणि चालत नव्हे, पळत जात होती.

ते आत गेले तेव्हा नववी झाडाखाली बसलेली. वऱ्हांड्यात मोठ्या बाई आणि शेजारी गणिताच्या बाई उभ्या. सर मैदानाच्या मधोमध जाऊन थांबले. शिट्टी सवयीनं तोंडाकडं नेली आणि खाली सोडली.

"मी उशिरा आलो," ते म्हणाले. आवाज जरा फाटला. "उशिरा येणाऱ्याला शाळेत काय होतं?"

वर्गात कुजबुज झाली. वकील उभा राहिला. "सर, ती शिक्षा बंद झाली आहे. तुम्हीच केलीत."

"मुलांची बंद झाली. माझी कोणी केली?"

आणि सर पळायला लागले. रोज जसे पळून दाखवायचे तसे नाही. गुडघे उचलून, छाती पुढं काढून नाही. नुसते पळायला लागले, एकटे, आणि सगळे बघत होते. बारपर्यंत जाईतो एक जण हसला. मग दोघं हसले. मग हसण्याची लाटच आली. सर वळणावर आले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपले हात कसे हलतायत हेच आपल्याला समजत नाहीये. पोट हलतंय का? बूट वाजतायत का? वीस वर्षांत या मैदानाची ही बाजू त्यांनी पाहिलीच नव्हती. टाकी इतकी लांब कधी झाली तेही त्यांना कळेना.

टाकीपाशी त्यांना मागून पावलं ऐकू आली.

"सर, मी पण उशिरा आले," शेवटच्या बाकावरची मुलगी म्हणाली आणि त्यांच्या बाजूनं पळू लागली.

सरांनी मान हलवली. बोलायला दम उरला नव्हता.

झाडाखालचं हसणं जरा अडखळलं. सरांना हसायचं की तिला, की दोघांना मिळून, ते ठरेना. वकिलानं चष्मा काढून खिशात ठेवला. खटला हातचा जातोय असं त्याला वाटलं असावं.

"सर, मी शरीरानं वेळेवर आलो, पण मनानं अजून घरीच आहे," तो ओरडला आणि निघाला. त्याच्या मागं आणखी एक जण, मग तिघी एकमेकींना ओढत, "आम्ही काल उशिरा आलो होतो", मग कोण पुढच्या सोमवारी उशिरा येणार होतं म्हणून. चार-पाच जण झाडाखालीच राहिले, ते खरोखरच आजारी असतील किंवा नसतील. बाकी सगळी नववी मैदानावर होती, हसत, खोकत, एकमेकांच्या पायात येत, फक्कीच्या रेषा तुडवत.

वऱ्हांड्यात मोठ्या बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. त्यांनी मामांना जवळ बोलावलं.

"आज एवढी मुलं उशिरा आली?"

"नाही बाई. एकच माणूस उशिरा आला. सर."

"आणि ती समोरची मुलगी?"

"ती तर घंटेच्या आधीच आत आली होती."

"मग ही सगळी शिक्षा कसली भोगतायत?"

मामांनी डोकं खाजवलं. सकाळपासून त्यांचंच घड्याळ बिघडलेलं होतं, ते काय सांगणार?

"सगळा तमाशा आहे," गणिताच्या बाई म्हणाल्या. "याला आपणहून म्हणत नाहीत, बाई. काहीतरी शिक्षेचं नाटक लावलंय सरांनी."

मोठ्या बाईंनाही तसंच वाटत होतं. त्या आत जायला वळणार, तेवढ्यात मैदानावरची गर्दी विरळ होऊ लागली. दोन फेऱ्या झालेले एकेक जण कंबरेवर हात ठेवून थांबत होते, गवतावर आडवे होत होते. वकील टाकीच्या नळाला तोंड लावून बसला होता. सरही थांबले. गुडघ्यांवर हात टेकून, वाकून, धापा टाकत.

मुलगी त्यांच्याजवळून गेली.

"झाल्या गं दोन," सर कसेबसे म्हणाले. "सुटलीस."

"हो, सर," ती म्हणाली आणि थांबली नाही.

मैदानावर आता ती एकटीच पळत होती. सगळे बघत होते. कोणीतरी हसायला तोंड उघडलं, पण शेजारी हसणारं कोणी सापडलं नाही म्हणून मिटलं. सरांच्या जिभेवर नेहमीचं शाब्बास आलं होतं, ते त्यांनी दाताखाली धरून ठेवलं आणि टाळीसाठी उठलेले हात पाठीमागं बांधले.

"शिक्षा किती फेऱ्यांची असते हो?" वऱ्हांड्यात मोठ्या बाईंनी विचारलं.

"दोन," मामा म्हणाले.

"मग ही कितवी?"

मामा बोटावर मोजू लागले. मोठ्या बाई कठड्याला टेकून उभ्या राहिल्या, आणि ती मुलगी बार मागं टाकून, झाडासमोरून, टाकीकडं येईपर्यंत त्या आत गेल्या नाहीत.